सबूर कापला त्या दिवशी

डॉक्टर सुजाता बिरादारला मी पहिल्यांदा पाहिलं ते कुवेतमधल्या आमच्या हवल्लीच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या एका बंद दारासमोर. जुलै महिना, दुपारचे तीन. त्या फ्लॅटच्या बाल्कनीत पिंजऱ्यात दोन ससे ठेवलेले तिला खालून दिसले होते. ती बेल दाबत होती, आतून कोणी उघडत नव्हतं. मी जिन्यानं खाली उतरलो तेव्हा ती तिथं होती, दूध घेऊन परत आलो तेव्हाही होती. पाऊण तासानं दार किलकिलं झालं. आतल्या माणसाला ती हिंदीत म्हणाली, "ससे आत घ्या. मी बघते, मग जाते." त्यानं काहीतरी उलट विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली, अगदी त्याच शब्दांत. ससे आत आले. तिनं त्यांना पाणी पाजायला लावलं आणि मगच ती जिना चढून वर गेली.

संध्याकाळी माझी बायको उर्वी म्हणाली, "ती पाचव्या मजल्यावरची. सुजाताताई. उदगीरची आहे. तिच्या नादाला लागू नकोस, फार चिडकी आहे."

चिडकी होतीच, पण तिचा राग त्याच्या जागी बरोबर होता. वडील उदगीरजवळ जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. दरवर्षी माळेगावच्या जत्रेला ते घोड्यांचे पाय तपासायला जायचे आणि ही त्यांच्यामागे औषधाची पेटी धरून फिरायची. सातवीत तिनं ठरवलं की जनावरांचं डॉक्टर व्हायचं, आणि झाली. वर्गात पंचेचाळीस मुलं होती, तीन मुली. त्या तिघींत मोठ्या जनावरांकडे गेलेली ही एकटी. लग्न झालं, नवरा अरुणकुमार एका बँकेत संगणकाच्या कामावर कुवेतला आला, ती पाठोपाठ आली. इथं तिला काम मिळालं ते घोड्यांच्याच पागेत, पण जागा रिकामी होती ती तंत्रज्ञाची. म्हणून अठरा वर्षं घोड्यांच्या पोटात हात घातलेली ही बाई कागदावर 'टेक्निशियन' होती. सही दुसऱ्याची, काम हिचं. हे ती कधी विसरली नाही आणि तिला विसरू द्यायचंही कोणाच्या मनात नव्हतं.

ती पागा कबदला होती. शहराबाहेर वाळवंटात घोड्या-मेंढ्यांचे वाडे आहेत, त्यांना इथं जाखूर म्हणतात. या जाखूरचे मालक बू मिशाल, म्हणजे मिशालचे वडील, सत्तरी उलटलेले निवृत्त इंजिनिअर. तरुणपणी ते काही वर्षं अल्जीरियात कामाला होते. तिथं त्यांनी बार्ब घोडा पाहिला आणि तो त्यांच्या डोक्यात बसला. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिकडून तीन जनावरं आणवली. सबूर नावाचा वळू घोडा आणि दोन घोड्या. एक घोडी दुसऱ्याच वर्षी पोटशुळानं गेली. राहिली वहरान.

मला घोड्यांतलं काही कळत नाही. बार्ब म्हणजे काय, हे मला सुजाताताईनंच एकदा लिफ्टमध्ये, बिल्डिंगची वीज गेलेली असताना, समजावून सांगितलं.

"अरबी घोडा बघितलाय का? चेहरा बशीसारखा आत गेलेला, शेपटी झेंड्यासारखी वर. फोटो काढायला लई भारी. बार्ब तसा नाही. नाकाड मेंढ्यासारखं बाकदार, पुठ्ठा उतरता, शेपटी खाली लागलेली. बघणाऱ्याला वाटतं हे काय ध्यान आहे. पण पाठ आखूड, खूर दगडासारखे. अर्ध्या चाऱ्यावर राहतो, दिवसभर खडकातून चालतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. उत्तर आफ्रिकेतल्या लोकांनी हजार वर्षं त्याच्यावर लढाया केल्या. आणि आता काय झालंय माहितीय? जो तो त्याला अरबी घोडा लावायलाय. शिंगरू देखणं होतंय ना! दोन-तीन पिढ्यांत नाक सरळ होतं, नाव तेवढं बार्ब राहतं. चोख रक्ताचे शोधायला गेलं तर हाताला लागत नाहीत. आमच्याकडं दोन आहेत. दोन!"

ती त्या अंधाऱ्या लिफ्टमध्ये माझ्यावर चिडल्यासारखी बोलत होती. जणू मीच लावले होते अरबी घोडे.

वहरान सतरा वर्षांची होती. घोडीला हे वय उशिराचं. आधी एकदा ती गाभण राहिली होती, पण सहाव्या महिन्यात गाभ पडला आणि गर्भाशयाला सूज आली. सुजाताताईनं दीड वर्ष तिच्यावर खर्ची घातलं. गर्भाशय धुणं, औषधं, पुन्हा तपासणी. बू मिशाल दर गुरुवारी येऊन विचारायचे, "दुक्तूरा, या वर्षी?" दुक्तूरा म्हणजे डॉक्टरीणबाई, असं तेच तिला म्हणायचे. ते आणि झहूर. झहूर हा तिथला मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा, रत्नागिरीकडचा, साठीला टेकलेला. बाकी सगळे तिला मॅडम म्हणायचे, आणि ते मॅडम कसं म्हणायचे ते ऐकणाऱ्यालाच कळत होतं.

२०२३च्या जानेवारीत बू मिशालना अर्धांगाचा झटका आला. ते घरी पडून राहिले आणि जाखूर मुलाच्या हातात गेलं. मिशाल तिशीतला. त्याला प्रदर्शनात उतरवायचे अरबी घोडे हवे होते. त्याच्या मित्रांनी सबूरला पाहून 'हे खेचर कुठून आणलंस' म्हणून विचारलं होतं, आणि ते त्याला लागलं होतं. त्याचा मॅनेजर सुधीर, आपलाच, पुण्याचा. घोडेस्वारी शिकवत शिकवत इथं आलेला. बोलायला गोड. मालकाच्या मनात काय आहे ते मालकाच्या आधी ओळखणारा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वहरान माजावर आली. या वेळी सगळं जुळून आलं होतं. सूज नाही, अंडं चांगलं मोठं झालेलं. शुक्रवारी संध्याकाळी सुजाताताईनं तिला अंडं सुटायचं इंजेक्शन दिलं. शनिवारी सकाळी सबूर लावायचा. सुधीरला तिनं तसं लिहून कळवलं होतं. त्यानं अंगठा वर केल्याचं चित्रही पाठवलं होतं. ते तिनं मला नंतर दाखवलं.

शनिवारी सकाळी तिची गाडी गॅरेजमध्ये, अरुणकुमार दुबईला. ती आमच्या दारात आली. "रूपेश, कबदला सोडतोस का? उशीर करून चालणार नाही." मी शुक्रवारी मुलांना घेऊन समुद्रावर गेलो होतो, गाडीतला आइसबॉक्स अजून काढायचा होता. तसाच निघालो. वाटेत ती बोटांवर महिने मोजत होती. एकदा म्हणाली, "अकरा महिन्यांनी, फेब्रुवारीत. गारव्यात होईल." बस्स.

नऊच्या सुमारास पोचलो. फाटकात झहूर उभा होता. नेहमी तो पुढं येऊन तिची पेटी घ्यायचा. आज हलला नाही.

"काय झालं, झहूरभाई?"

"डॉक्टरीणबाई..." त्यानं मान खाली घातली. "सबूरला कापला."

तिला कळलंच नाही. "कापला म्हणजे? तारेनं?"

"खच्ची केला, बाई. सात वाजता भायरचा डॉक्टर आणला होता. मी सांगितला त्याला, आज घोडी दाखवायची हाय, थांबा. सुधीर बोलला, मालकाचा हुकूम हाय, तू खरारा कर."

ती पळाली. मी मागून गेलो. सबूर त्याच्या ठाणात उभा होता, गुंगीत, मान गुडघ्यापर्यंत खाली. मागच्या पायांमधून रक्ताचे थेंब गवतावर पडत होते. ते बाकदार मोठं डोकं, ज्याला सगळे हसायचे, भिंतीला टेकलेलं होतं. सुजाताताई त्याच्या पोटाखाली वाकली आणि थेंब मोजायला लागली. आवाजात मोजत होती, एक, दोन, तीन. मला वाटलं तिचं डोकं फिरलं. नंतर कळलं की थेंब मोजता येत असतील तर जनावर वाचतं, धार लागली तर नाही. तिनं एक मिनिट पूर्ण मोजले. मग उठली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

सुधीर ऑफिसातून चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"बिरादार मॅडम, मी तुम्हाला फोन करणारच होतो."

"कधी?"

"हे बघा, निर्णय वरून आला. घोडा दांडगाई करत होता. मिशालसाहेबांच्या पाहुण्यांना त्रास झाला. आता कसा, शांत राहील. मित्रमंडळींना बसायला उपयोगी पडेल."

"काल मी तुला लिहिलं होतं. आज घोडी दाखवायचीय म्हणून. तू हो म्हणलास."

"मॅडम, तुम्ही जरा शांत व्हा..."

"शांत?" तिचे शब्द तुटायला लागले. "शांत तू त्याला केलास. मला नाही करता येणार. चौदा वर्षांचा चोख घोडा. या सगळ्या देशात त्याच्या जोडीचा दुसरा दाखव मला. दाखव! अजून पाच-सहा वर्षं काम केलं असतं त्यानं. आणि तू चहा प्यायलास?"

"ही तुमची भाषा बरोबर नाही. शेवटी तुम्ही इथं टेक्निशियन आहात. प्रजननाचे निर्णय..."

तिनं त्याच्या हातातला कप घेतला आणि शेजारच्या हौदात टाकला. फेकला नाही, घेतला आणि टाकला. मग झहूरकडे वळली.

"कुठं टाकलं?"

"काय, बाई?"

"जे कापलं ते. कुठं टाकलं?"

झहूरनं मागच्या शेडकडे बोट केलं. त्याला सांगितलं होतं की वाळूत खड्डा करून पूर. त्यानं फावडं घेतलं होतं, पण खड्डा खणला नव्हता. "हात उठंना," एवढंच म्हणाला. दोन्ही अंडं प्लॅस्टिकच्या बालदीत, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवली होती.

ती बालदीशी उकिडवी बसली. गोणपाट उचललं, बघितलं, घड्याळ बघितलं. आणि तिथं, त्या शेडमध्ये, मी तिच्या रागाला पहिल्यांदा काम करताना पाहिलं.

"दोन तास झालेत. झहूरभाई, फ्रीजरमधली ती पांढरी बाटली काढा आणि कोमट पाण्यात ठेवा. वहरानला तपासणीच्या चौकटीत घ्या, शेपटी बांधा. रूपेश, तुझ्या आइसबॉक्समध्ये बर्फ आहे का?"

"अर्धा वितळलाय. आणि मुलांचे ज्यूस..."

"ज्यूस काढ."

जाखूरमध्ये तिची एक छोटी खोली होती. सूक्ष्मदर्शक, नळ्या, वळू घोड्याचं वीर्य तपासायचं सामान. ती हात धूत असताना सुधीर दारात आला. "तुम्ही काय करताय? मालकांना विचारल्याशिवाय..."

"मालकालाच विचारते. झहूरभाई, लावा फोन."

बू मिशाल आजारी पडल्यापासून रोज सकाळी झहूरला फोन करून घोड्यांची खबर घेत. त्या दिवशी झहूरनं उचलला नव्हता. सांगायचं काय, म्हणून. आता त्यानं लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला, कारण तिचे हात भरले होते. तिनं तिच्या मोडक्या अरबीत आणि इंग्रजीत सांगितलं. सबूर खच्ची झाला. आज सकाळी. घोडी तयार आहे. जे कापलं त्यात अजून बीज जिवंत असेल. करू का?

पलीकडून म्हाताऱ्याचा जड झालेला आवाज आला. पहिले शब्द कळले नाहीत, बहुतेक मुलाचं नाव होतं. शेवटचे दोन कळले. "कर, दुक्तूरा."

सुधीरनं तेवढ्यात मिशालला फोन लावला होता. त्यानं तो स्पीकरवर टाकून तिच्यापुढं धरला. मिशाल ओरडत होता की कोणी इंडियन टेक्निशियन माझ्या घोडीला हात लावणार नाही, तिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. "बर्रा! बर्रा!" बाहेर हो, बाहेर हो. खोलीभर तेच.

सुजाताताईनं मान वर केली नाही. "घोडी तुझ्या बापाच्या नावावर आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "आणि मला काढायचं असेल तर एक तासानं काढ. आता हात मोकळे नाहीत."

त्या तासाभरात मी जे पाहिलं ते जसं कळलं तसं सांगतो. अंडाच्या एका टोकाला दोऱ्याच्या गुंत्यासारखी पांढरी नळी असते. बीज तिथं साठलेलं असतं. तिनं ती नळी सुट्टी केली, उलगडली, बोथट सुई एका तोंडात घातली आणि फ्रीजरच्या बाटलीतला, दुधापासून केलेला तो पातळ द्रव हळूहळू आत सोडला. दुसऱ्या तोंडातून जाडसर पांढरा थेंब आला. मग दुसरा, तिसरा. तिनं एक थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. खोलीत आवाज फक्त सुधीरच्या फोनचा.

"ये," ती मला म्हणाली. "बघ."

मी बघितलं. आधी नुसता उजेड. मग दिसलं. हजारो, शेपट्या मारत, एकमेकांवर आदळत, सगळे कुठंतरी निघालेले.

"जिवंत आहेत," ती म्हणाली. आणि सुधीरकडे बघून, "तुझ्यापेक्षा जास्त."

वहरान चौकटीत उभी होती. मान वळवून सबूरच्या ठाणाकडे बघून फुरफुरत होती. सुजाताताईनं लांब नळी घेतली, खांद्यापर्यंत हात आत घातला, डोळे मिटले आणि बीज सोडलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. हात बाहेर काढून तिनं घोडीच्या पुठ्ठ्यावर एक चापट मारली आणि झहूरला म्हणाली, "उन्हात ठेवू नका."

दुसरं अंड ओल्या फडक्यात गुंडाळून आइसबॉक्समध्ये गेलं. वफ्रा भागात उंटांच्या प्रजननाचं काम करणारा एक सुदानी डॉक्टर तिच्या ओळखीचा होता, त्याच्याकडे नायट्रोजनची टाकी होती. आम्ही तिथं गेलो. दुपारपर्यंत चोवीस बारीक नळ्या भरून गोठल्या. तीन-चार वेळा लावता येईल एवढं, ती म्हणाली. वाटेतच तिच्या फोनवर निरोप आला होता की उद्यापासून येऊ नये.

परतताना ती रडेल असं मला वाटलं. ती सातव्या रिंग रोडवर गाडीच्या डॅशबोर्डवर मूठ मारून म्हणाली, "ऑपरेशनला माझी हरकत नाही रे. शेकडो केलेत मी. जनावराच्या भल्यासाठी करतात. हा त्याच्या नाकासाठी कापला!"

आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "तू एक शब्द नाही बोललास."

खरं होतं. तासभर मी भिंतीला लागून उभा होतो. सुधीरशी माझी ओळख होती, मंडळाच्या कार्यक्रमात भेटायचो. मी काय बोलणार होतो, ते मला आजही माहीत नाही. पण बोललो नाही, हे माहीत आहे.

पुढचे दिवस तिनं घरात कसे काढले ते उर्वीला ठाऊक. सोळाव्या दिवशी घोडी तपासायची असते, आणि हिला फाटकात पाऊल ठेवायची मनाई. तिला खरी भीती वेगळीच होती. गाभ घालवायला एक इंजेक्शन पुरतं. कोणी दिलं तर कळणारही नाही. झहूर रोज वहरानचा व्हिडिओ पाठवायचा. ती तो दहा-दहा वेळा बघायची आणि त्याला फोन करून झापायची. पाणी कमी का आहे, हिरवा चारा कुठाय, ती डाव्या पायावर का उभी आहे.

अकराव्या दिवशी झहूरनंच बू मिशालना सांगितलं की, साहेब, इथं घोडी सुरक्षित नाही. बाराव्या दिवशी म्हातारा चाकाच्या खुर्चीतून कबदला आला. झहूर सांगतो, मिशाल समोर उभा होता, सुधीर मागे. बू मिशालचा उजवा हात चालत नव्हता. त्यांनी डाव्या हातानं सबूरकडे बोट केलं आणि मुलाला एवढंच विचारलं, "माझ्या घरात मी मेलो होतो का?" मिशालनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं हात हलवून त्याला गप्प केलं. त्याच दिवशी ट्रेलर आला. वहरान, सबूर आणि झहूर, तिघं बू मिशालच्या बहिणीच्या जाखूरला गेले, पलीकडच्या गल्लीत.

सोळाव्या दिवशी सुजाताताईनं तिथं सोनोग्राफीचं यंत्र लावलं. पडद्यावर बोराएवढा काळा गोल. झहूरनं "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं. ती म्हणाली, "अजून तीनशे पंचवीस दिवस आहेत. नाचू नका."

ते दिवस गेले. उन्हाळ्यात तिनं घोडीच्या ठाणाला ओले पडदे लावून घेतले, पाय स्वतः बघितले, आणि सहावा महिना आला तेव्हा आठवडाभर कोणाशी नीट बोलली नाही. फेब्रुवारीत, फजरची बांग झाल्यानंतर, पूर्वेला फटफटलं तेव्हा वहराननं शिंगरू दिलं. घोडी झाली. काळपट, ओली, काटकुळ्या पायांची, आणि नाकाडाला कपाळापासून तो बाक. सुजाताताईनं शिंगरूचं डोकं दोन्ही हातांत धरून तो बाक अंगठ्यानं चाचपला. झहूर म्हणतो, तेव्हा ती हसली. मी नव्हतो, म्हणून त्याच्या शब्दावर सांगतो.

शिंगरूच्या आयाळीचे मुळासकट केस उपटून तपासणीला गेले. सबूरचे आणि वहरानचेही. उत्तर आलं, आई-बाप तेच, रक्त चोख. नोंदणीच्या फॉर्मवर घोडा कसा लावला ते लिहायचं होतं. तिनं सगळं खरं लिहिलं, तारखेसकट. बू मिशालनी शिंगरूचं नाव ठेवलं अनीदा, म्हणजे हट्टी.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मार्चमध्ये एका मराठी ग्रुपवर सुधीरचा फोटो फिरायला लागला. वहरानबरोबरचा, जुना. खाली लिहिलेलं की आखाती देशात दुर्मीळ बार्ब घोड्याची पैदास, अत्याधुनिक तंत्रानं, मराठी माणसाचा झेंडा, सुधीर आणि त्यांची टीम. लोकांनी हार घातले, टाळ्या वाजवल्या, सगळं फोनवर. पाडव्याच्या कार्यक्रमात त्याचा सत्कार ठरला.

अरुणकुमार तिला म्हणाला, जाऊच नको. ती गेली. नऊवारी नेसून, पहिल्या रांगेत बसली. मी आणि उर्वी मागे होतो. सुधीरला शाल दिली, नारळ दिला. तो माइकसमोर उभा राहून म्हणाला, "अशा प्रसंगी वेळ महत्त्वाची असते. आम्ही क्षणाचाही विलंब न लावता..."

सुजाताताई उभी राहिली.

"क्षणाचाही विलंब न लावता काय केलंस? सांग ना. सात वाजता काय केलंस?"

सूत्रसंचालक "ताई, नंतर" म्हणाला.

"नंतर नाही. या देशातला एकुलता एक चोख बार्ब वळू यानं खच्ची करायला लावला. घोडी लावायच्या दिवशी. मी आदल्या दिवशी लिहून कळवलं होतं. मी पोचले तेव्हा त्याची अंडं बालदीत होती आणि हा चहा पीत होता. ती बालदीतून काढून मी बीज घेतलं. मी! हा मला बाहेर काढायला फोन धरून उभा होता. आणि हा सांगायलाय क्षणाचा विलंब!"

"मॅडम, इथं लहान मुलं आहेत," कमिटीतलं कोणीतरी ओरडलं.

"असू द्या. त्यांनाही कळू द्या."

सुधीर हसून म्हणाला, "ताईंचा गैरसमज झालाय. याला साक्षीदार कोण?"

ती मागे वळली. एवढ्या माणसांतून तिनं मला शोधलं. "रूपेश. ऊठ."

मी उठलो. म्हणालो, "खरंय. मी तिथं होतो. सगळं असंच झालं." एवढंच. पण बोलताना माझ्या लक्षात आलं की मलाही राग आलाय, वर्षभराचा, आणि मी चिडून पुढं म्हणालो, "शाल काढ ती."

त्यानं काढली नाही. माइक खाली ठेवून तो खुर्चीवर जाऊन बसला. कार्यक्रम पुढं झाला, लावणी झाली, जेवण झालं. दुसऱ्या दिवशी कमिटीनं सुजाताताईला कळवलं की अश्लील बोलल्याबद्दल माफी मागावी. तिनं उलट उत्तर पाठवलं, एका ओळीचं: अंड हा शब्द अश्लील वाटत असेल तर उद्या सकाळी नाश्त्याला काय खाता? माफी मागितली नाही. सुधीर अजून मिशालकडेच आहे, आणि बराही चाललाय.

आता ती बू मिशालच्या बहिणीच्या जाखूरला आठवड्यातून चार दिवस जाते. पाटीवर डॉक्टर लिहिलंय. कागदावर अजून तंत्रज्ञच आहे. अल्जीरियातून दोन घोड्या यायच्यात, त्यांच्यासाठी त्या चोवीस नळ्या राखून ठेवल्यात. अनीदा वर्षाची झाली, झहूरच्या खिशातला खजूर काढून खाते.

परवा मी तिला सोडायला गेलो होतो. सबूर कुंपणाशी उभा होता. अंग भरलंय त्याचं, शांत झालाय. पलीकडं वहरान खिंकाळली. त्यानं कान टवकारले, दोन पावलं टाकली आणि थांबला.

मी म्हणालो, "शेवटी चांगलंच झालं म्हणायचं, ताई."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरलो.

"पाच-सहा वर्षांचं काम चोवीस नळ्यांवर आलं. त्यातल्या किती लागतील कुणाला माहीत. हे चांगलं?" तिनं सबूरचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला, खुराच्या खाचेतली वाळू खरवडायला लागली. "बोलू नको. पाय धर त्याचा."

मी धरला.